चुन्यातला गूळ

आमच्या इमारतीचं नाव शीतलकुंज. ज्यांनी ते ठेवलं ते तळमजल्यावर राहतात. मी चौथ्यावर राहतो, म्हणजे अगदी वर, आणि माझ्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. या स्लॅबविषयी मला आदर आहे. सूर्य मावळला की अहमदाबादेत कचेऱ्या बंद होतात, दुकानांची शटरं उतरतात, कबुतरंसुद्धा गप्प बसतात. स्लॅबची ड्यूटी मात्र तेव्हा सुरू होते. दिवसभर पोटात घेतलेलं ऊन तो रात्रभर इमानेइतबारे आमच्या अंगावर सोडत राहतो. पहाटे त्याचं काम संपत येतं न येतं तोच सूर्य उगवून नवीन माल पाठवतो. इतकी निष्ठा मी नोकरीत दाखवली असती तर हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो नसतो.

पूर्वी इथे कडुनिंबाची झाडं होती, रात्री नदीवरून वारा यायचा, वगैरे मी सांगत बसत नाही. झाडांच्या जागी इमारती आल्या, इमारतींच्या अंगावर एसीचे डबे आले, आणि त्या सगळ्या डब्यांचं तोंड, का कोण जाणे, माझ्या खिडकीकडे आहे. गरम हवा वर जाते हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. वर कोण राहतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तरी आम्हा दोघांना सवय झाली होती. मी आणि माझी बायको सरयू पोटावर ओला पंचा टाकून पडायचो. रात्री केव्हातरी ती विचारायची, "झोपलात?" मी म्हणायचो, "नाही. तू?" एवढ्या संवादावर आमचे कित्येक उन्हाळे निभावले. पण या वर्षी मे महिन्यात ऋजू आली.

ऋजू आमची एकुलती एक. सुरतेला दिलेली. ओटीभरण झालं आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या रात्री ती आणि तिची आई झोपल्या नाहीत. तिसऱ्या रात्री ती उठून बाथरूममधल्या फरशीवर बसली आणि म्हणाली, "पप्पा, घरात हीच एक जागा बरी आहे." डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पायाची सूज दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला रात्रीची झोप मिळाली पाहिजे. ते औषध माझ्याकडे नाही."

ही बातमी सुरतेला कशी पोचली ते कळलं नाही, पण संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. आमचे व्याही, इकडच्या भाषेत वेवाई, धनसुखलाल पारेख. त्यांच्या घरी स्वयंपाकघरातसुद्धा एसी आहे.

"पुष्करभाई," ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे प्रेम आहे, आमच्याकडे एसी आहे. मुलीला सध्या दुसऱ्या गोष्टीची गरज आहे."

"पण वेवाई, पहिलं बाळंतपण माहेरी..."

"माहेर कुठे पळून जातंय? पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मी गाडी घेऊन येतो. ती झोपत असेल तर राहू दे. नसेल तर घेऊन जातो."

डिंकाच्या लाडवांसाठी आणलेला डिंक सरयू निवडत बसली होती, तो तिने तसाच डब्यात भरून ठेवला. ऋजू म्हणाली, "पप्पा, मी गेले तर रुसून नाही जाणार. झोपायला जाईन." यापेक्षा ती रुसली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्ही विचाराल, एसी का नाही घेतला. घेणार होतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने खालच्या मीटरच्या पेटीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि हळूच लावून घेतलं, जसं काही आत कुणी आजारी माणूस झोपलाय.

"काका, ही केबल तुमच्या वयाची आहे," तो म्हणाला. "आणखी एक एसी लावलात की अख्खी बिल्डिंग अंधारात."

नवीन केबलसाठी सोसायटीने वीज कंपनीकडे केव्हाच अर्ज केला आहे. तो प्रक्रियेत आहे. अर्ज प्रक्रियेत असणं म्हणजे काय, हे निवृत्त हेडक्लार्कला कुणी समजावून सांगू नये.

मग शेजारधर्म सुरू झाला. सर्वांत आधी दुसऱ्या मजल्यावरचे ठाकोरकाका आले. ठाकोरकाका शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही तांत्रिक प्रश्नावर शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांनी छताकडे एक डोळा मिटून पाहिलं.

"गच्चीवर संध्याकाळी पाणी मारा. तापलेला तवा कसा गार करतात?"

आम्ही संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतल्या. तवा गार करताना जो चर्र आवाज येतो तो आला, आणि मग वाफ आली. खिडक्यांतून, जिन्यातून, वरून, बाजूने. त्या रात्री आम्ही तिघं वाफेवर शिजत असलेल्या ढोकळ्यासारखे फुगत पडलो होतो. ऋजू अंधारात म्हणाली, "मम्मी, वरून मोहरीची फोडणी घाल, म्हणजे झालं."

पांढऱ्या छताची कल्पना तिचीच. फोनवर वाचत असताना म्हणाली, "पप्पा, गच्चीला पांढरा चुना लावला तर ऊन परत जातं. स्लॅब तापतच नाही, मग रात्री सोडणार काय?" मी नोकरीत असताना इतकी साधी सूचना माझ्या टेबलावर आली असती तर मी ती तत्काळ फेटाळली असती. पण आता मी बाप होतो. आणि शनिवार जवळ येत होता.

गच्ची सोसायटीची, म्हणून मी चेअरमन नवनीतभाई शहांकडे गेलो. नवनीतभाई तळमजल्यावर राहतात, पांढरी पँट घालतात आणि कुठलंही काम होऊ न देता पूर्ण करतात. त्यांनी मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुष्करभाई, गच्ची सोसायटीची आहे. पण उकाडा तुमचा आहे."

"माझी मुलगी..."

"ऋजू मलाही मुलीसारखी. म्हणून तर नियमाने जाऊ. आधी सभासदांना नोटीस लावा. आणि सरकारी परवानगी आणा."

नोटीस मी स्वतः लिहिली. घाईत लिहिली, हे मान्य करतो. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी सोसायटीला चुना लावण्यात येणार आहे. कृपया सहकार्य करावे.' दुपारपर्यंत नोटिशीपुढे एवढी गर्दी जमली की दूधवाल्याला सायकल आत आणता येईना. कुणीतरी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मागच्या कमिटीचा अजून निघाला नाही.' मागच्या कमिटीचे चेअरमनही नवनीतभाईच होते. ते स्वतः चष्मा लावून वाचून गेले आणि मला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

परवानगीसाठी मी एका सरकारी कचेरीत गेलो. पहिल्या टेबलावरच्या भाईंनी विचारलं, "छप्पर पत्र्याचं?"

"नाही, स्लॅब."

"मग गरिबांच्या योजनेत बसत नाही. घरात उष्माघाताने कुणी आजारी?"

"अजून नाही."

"मग आरोग्याकडेही बसत नाही. इमारतीचा रंग बदलायचा तर तिकडे जा."

तिकडच्या टेबलावर बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "गच्ची रस्त्यावरून दिसते का?"

"नाही."

"मग परवानगी लागत नाही."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासमोर हात जोडले. "बेन, एवढंच लिहून द्या."

"काय?"

"परवानगी लागत नाही असं."

"अहो काका, जी लागतच नाही ती आम्ही देणार कशी?"

"परवानगी नको. लागत नाही हे द्या."

"त्याचा फॉर्मच नाही."

तेव्हा माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी बाकावर बसून एक अर्ज लिहिला: 'गच्चीला चुना लावण्यास परवानगी लागत नाही असे आपण तोंडी सांगितले, त्याबद्दल आभार.' आणि आवक खिडकीतून त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. निळा, गोल, तारखेसह. शिक्क्याचा अर्थ एवढाच की कागद आला. पण नवनीतभाईंनी तो उजेडात धरून पाहिला, मागून पाहिला आणि म्हणाले, "असं लेखी असलं की मन निर्धास्त होतं."

व्याही येणार त्याच्या आदल्या शनिवारी गेटजवळ पिंपात चुनकळी विरवायला टाकली. पाणी पडताच ती खदखदायला लागली आणि नवनीतभाई सोडून अख्खी इमारत भोवती जमली. चुना स्लॅबला धरेल कशाने, यावर वाद पेटला. कुणी म्हणालं फेविकॉल, कुणी म्हणालं मीठ, कुणी तुरटी. ठाकोरकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"जुन्या शहरातल्या आमच्या घराचा चुना शंभर वर्षांत निघाला नाही. का? त्यात गूळ होता."

गूळ म्हटल्यावर वाद संपला. मीठ कमी की जास्त यावर आमच्याकडे भांडणं होतात, पण एखाद्या गोष्टीत गूळ घालावा की नाही असा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही डाळीत गूळ घालतो, भाजीत घालतो, कढीत घालतो. चुन्यानेच काय घोडं मारलंय? प्रश्न फक्त प्रमाणाचा होता. ठाकोरकाकांना प्रमाण ठाऊक नव्हतं. सरयू म्हणाली, "डाळीला घालतो त्या मानाने घालू." जमलेल्या प्रत्येक घरातून ढेपेचा तुकडा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मधुकांताबेन पिंपात वाकून म्हणाल्या, "अजून थोडा लागेल," आणि आणखी एक ढेप टाकली. त्यांनी चाखून पाहिलं नाही, एवढंच.

रविवारी सकाळी मी आणि ठाकोरकाका कुंचे घेऊन वर गेलो. आम्ही जिन्याच्या दारापासून सुरुवात केली. सुरेख काम चाललं होतं. ठाकोरकाका म्हणत होते, "हात सैल ठेवा पुष्करभाई, जलरंगाच्या वॉशसारखा फिरवा." उन्हं चढेपर्यंत सगळी गच्ची दुधासारखी पांढरी झाली आणि आम्ही पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे होतो. आमच्या आणि दाराच्या मध्ये सगळं आमचंच काम होतं, ओलं.

"सुकू द्या," ठाकोरकाका म्हणाले.

चुना ऊन परत पाठवतो हे त्या तासाभरात मला पूर्ण पटलं, कारण ते परत जाताना माझ्या अंगावरून जात होतं. दारात सरयू ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. शेजारच्या गच्चीवरचे लोक खुर्च्या घेऊन आले. शेवटी आम्ही चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत आलो. मधुकांताबेन आमच्या उमटलेल्या पावलांकडे बघून म्हणाल्या, "दिवाळीत लक्ष्मीची पावलं घरात येताना काढतो. ही तर घर सोडून चाललेली दिसतात." त्या पावलांवर पुन्हा एक हात मारावा लागला. या वेळी आम्ही टाकीकडून दाराकडे आलो.

पहिल्या रात्री काही कळलं नाही. दुसऱ्या रात्री सरयूने विचारलं, "झोपलात?" आणि उत्तर मिळालं नाही, असं तिने सकाळी सांगितलं. ऋजू रात्री एकदाच उठली. तिच्या पायाची सूज उतरलेली सरयूने तीनदा बोट दाबून पाहिली. डिंकाचा डबा पुन्हा खाली आला.

आणि मंगळवारी मधुकांताबेनचं बंड झालं.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर छुंदे असतात. किसलेली कैरी आणि साखर, पातेल्याच्या तोंडाला मलमलचं फडकं, आणि खालून-वरून तापणारी गच्ची. मधुकांताबेनचा छुंदा अमेरिकेला मुलाकडे जातो. त्यांच्या बोलण्यात तो आधी येतो आणि मुलगा नंतर. त्यांनी पातेलं थेट नवनीतभाईंच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं.

"बोट घाला," त्या म्हणाल्या. "तार येतेय? पाणी आहे पाणी. खालून गच्ची तापतच नाही तर साखर शिजणार कशी?"

"बेन, माझी मुलगी वर झोपते," मी म्हणालो.

"झोपू दे ना. माझा मुलगा वर्षभर तिकडे काय खाणार, पांढरा रंग?"

तिसरा, दुसरा आणि पहिला मजला त्यांच्या बाजूने होता. ठाकोरकाकांच्या घरचंही पातेलं वर होतं, त्यामुळे ते छताकडे एक डोळा मिटून बघत बसले. नवनीतभाईंनी निकाल दिला: गच्चीचा मूळ उपयोग तापणं हाच आहे. गुरुवारी सकाळी पाइप लावून, घासून चुना धुऊन टाकायचा.

मी वर आलो. ऋजू दुपारची झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. सरयूने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाटावरून ऋजूची बॅग काढून ती पुसायला लागली. त्या दुपारी मला प्रथमच कळलं की अपमान झाला तरी चालतो, पण बॅग पुसण्याचा आवाज सहन होत नाही.

गुरुवारी नवनीतभाई देखरेखीला स्वतः वर आले. मागे मधुकांताबेन, ठाकोरकाका, मी, खराटे, पाइप. नवनीतभाईंनी दार उघडलं, एक पाऊल टाकलं आणि ते तसंच हवेत ठेवून थांबले.

गच्ची हलत होती. पांढऱ्यावर काळ्या, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत मुंग्या. पावसाच्या पाइपातून ओळीने वर येत होत्या, टाकीला वळसा घालत होत्या, काही तर मुक्कामाला आल्यासारख्या निवांत बसल्या होत्या. चुना सुकला होता. गूळ राहिला होता.

"हे काय आहे?" नवनीतभाईंनी विचारलं.

"मुंग्या," मी म्हणालो.

"ते दिसतंय. इतक्या कशा?"

मी ठाकोरकाकांकडे पाहिलं. गूळ सुचवल्याचं आठवतच नसल्यासारखं ते टाकीकडे बघत होते.

इथे एक सांगायला हवं. नवनीतभाई जैन आहेत. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि दिवा लावताना चिलट आलं तर दिवा विझवून बसतात. ज्या माणसाने माझा अर्ज निर्विकारपणे चिरडला असता, तो पाय हवेत धरून एका मुंगीच्या जाण्याची वाट बघत होता.

"पाइप बंद करा," ते म्हणाले.

"अहो पण ठरलंय ना," मधुकांताबेन म्हणाल्या.

"बेन, इथे पाणी सोडलं तर किती जीव जातील? ते पाप सोसायटीच्या नावावर घ्यायचं? ठराव मीच केला होता. मीच मागे घेतो." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "चुन्यात काय घातलंत?"

"गूळ."

"लोक पुण्य म्हणून मुंग्यांना चिमूटभर पीठ-साखर घालायला झाडं शोधत हिंडतात. तुम्ही तर अख्खं सदावर्त उघडलंत. सुचलं कुणाला हे?"

"मला," ठाकोरकाका ताबडतोब म्हणाले.

अशा रीतीने उकाड्यामुळे न झालेलं काम मुंग्यांमुळे झालं. नवनीतभाईंनी गेटजवळ उरलेल्या एकुलत्या कडुनिंबाखाली रोज सकाळी स्वतः पीठ-साखर घालायला सुरुवात केली, म्हणजे पाहुण्यांनी आपल्या मनाने, न दुखावता खाली उतरावं. मुंग्या उतरल्या, सावकाश, मान राखून. मधुकांताबेनची पातेली एका खाटेवर चढली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांना हळद लागली. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या चुन्याची तिरीप, असा दोन्ही बाजूंनी छुंदा शिजला आणि दरवर्षीपेक्षा लवकर तार धरली. हे चुन्यामुळे झालं असं मी म्हणताच मधुकांताबेन म्हणाल्या, "हात माझा होता."

शनिवारी धनसुखलाल आले. गाडी गेटशी लावली, मागचं सीट ऋजूसाठी गाद्या घालून तयार. चार जिने चढून आले आणि शर्टाचं वरचं बटण काढत म्हणाले, "झोपते का?"

"झोपते," सरयू म्हणाली.

"आईबाप असंच म्हणणार. मी आज रात्री राहतो. सकाळी बघू."

आमरस-पुरी झाली. व्याह्यांना दिवाणखान्यात पंख्याखाली गादी घातली. मी त्या रात्री झोपणार नव्हतो. परीक्षा मुलीची होती आणि घाम मला फुटला होता. किती वेळ छताकडे बघत होतो कोण जाणे. मग आतून ऋजूची हाक आली.

"मम्मी."

सरयू आणि मी एकदम उठलो. दिवस भरायला अजून वेळ होता. सरयूचा पदर दाराच्या कडीत अडकला, मी पाण्याचा तांब्या लवंडला. आत ऋजू कुशीवर होती, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटलेले.

"काय होतंय बेटा?"

"चादर दे ना काहीतरी," ती झोपेतच म्हणाली. "थंडी वाजतेय."

मे महिना, चौथा मजला, आणि चादर. होळीनंतर आमच्याकडे चादरी माळ्यावर जातात. त्या कुठल्या पेटीत आहेत हे सरयूलाही आठवेना. मी दिवाणखान्यात काही सापडतं का बघायला गेलो. धनसुखलाल भिंतीकडे तोंड करून गुडघे छातीशी घेऊन झोपले होते, आणि त्यांनी अंगाखालची पलंगपोस ओढून मानेपर्यंत गुंडाळून घेतली होती.

माझ्या पावलांच्या आवाजाने त्यांनी एक डोळा उघडला. "काय झालं? ऋजू ठीक आहे?"

"ठीक आहे. तिला थंडी वाजतेय. चादर शोधतोय."

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. मग पलंगपोस आणखी घट्ट ओढून घेतली. "पंखा कमी करा," ते म्हणाले, "दोन्हीकडचा." आणि भिंतीकडे वळले.

मी आत गेलो. आमच्या पंख्याचं बटण कित्येक वर्षांत पाचाच्या खाली गेलं नव्हतं. ते हाताने हलेना. सरयूने स्वयंपाकघरातून सांडशी आणली. आम्ही दोघांनी मिळून, ऋजू जागी होऊ नये म्हणून श्वास रोखून, बटण पाचावरून चारावर आणलं, आणि मग, जरा धीर करून, तिनावर.